बिनदुधाचा चहा

करुणाचं पत्र आलं तेव्हा आंब्याला मोहोर होता. मोहोर गळला, कैऱ्या आल्या, पाड लागला, तरी त्या पत्राला ग्यानोबांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र उशाखाली होतं. रोज सकाळी अंथरूण गुंडाळताना ते हाती लागायचं, आणि रोज ग्यानोबा स्वतःला सांगायचे, आज लिहू.

पत्रात फार काही नव्हतं. "बाबा, फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता, म्हणून कागदावर विचारते. आई गेली, मी नागपुरात. त्या गावात आता तुमचं कोण आहे? उद्या तुम्हाला काही झालं, तर दारात कोण येईल? एक नाव लिहून पाठवा. एकच पुरे. नाव आलं की मी पुन्हा 'इकडे राहायला या' म्हणणार नाही."

एक नाव. लिहायला बसले की ग्यानोबांना ते फार सोपं वाटायचं. कागदावर "चि. करुणास अनेक आशीर्वाद" एवढं व्हायचं आणि पेन थांबायचं. गाव अख्खं ओळखीचं. कुरुंद्याच्या बाजाराला पायी जाऊन यावं एवढ्या अंतरावरचं ते गाव, आणि त्यात जन्म गेलेला. पण ज्याचं नाव लिहायचं त्याला ते आवडेल का, त्याला विचारायला नको का, आणि तो "मी कशाला?" म्हणाला तर? कागद घडी होऊन पत्र्याच्या पेटीत जायचा.

माणूस मुळातच असा. शाळेत शिपाई म्हणून नोकरी झाली; निवृत्त झाल्यावर विहाराशेजारच्या खोलीत ग्रामवाचनालय सांभाळायचं काम मिळालं, राहणंही त्याच खोलीत. गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. प्रत्येक वेळी त्यांना वाटायचं, सांगावं, की बाबांनो मी गुरुजी नव्हतो, घंटा वाजवायचो. पण सांगायला तोंड उघडावं तोवर समोरचा पुढे गेलेला असायचा. दिवसभर ते फाटकी पुस्तकं शिवत बसायचे. मोठी सुई, मेण लावलेला दोरा, पुठ्ठा कापायची सुरी. बोटांना कायम टोचल्याच्या खुणा असत. पान उलटायचं तर बोट जिभेला लावून, आणि पाकीट बंद करायचं तर तेही जीभ फिरवून. करुणा लहानपणी हसायची, "बाबा, तुम्ही पत्र पाठवता का चाटून पुसून खाता?"

ज्येष्ठ महिन्यातल्या एका दुपारी किसनरावांचा गडी नरसिंग धावत आला. पुठ्ठा कापताना सुरी निसटून ग्यानोबांच्या तळहाताला नुकतंच लागलं होतं, ते फडक्यानं दाबून धरत होते.

"गुरुजी, चला. मालकानं बोलावलंय. म्हशीच्या नरड्यात कोय अडकली."

"मला काय कळतं रे त्यातलं?"

"कळायचं काय त्यात? हात बारीक पायजे. माझा जात न्हाई, मालकाचा जात न्हाई. मालक म्हनले, गावात एकच हात हाय तसा."

किसनराव म्हणजे गावातलं मोठं घर. हळदीचे वाफे, दोन मजले, दारात जीप. त्या घरानं ग्यानोबांना आजवर कधी बोलावलं नव्हतं. दोन दिवसांपूर्वी नातवाच्या बारशाचं जेवण झालं, तेव्हा सगळ्या गावाला जसं सांगितलं तसं यांनाही सांगितलं होतं, एवढंच. आणि आज खास माणूस धाडला. ग्यानोबांनी फडकं सोडलं, टोपी घातली आणि निघाले.

म्हैस खुंट्याला बांधली होती आणि खुंटा उपटायला निघाली होती. ओरडत होती, पण आवाज म्हशीचा नव्हता. घोगरा, फाटका, कोणी पिंपात तोंड घालून ओरडावं तसा. तोंडातून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत लोंबत होत्या. पाणी समोर ठेवलं की तोंड घालायची आणि गिळता न येऊन मागे फेकल्यासारखी सरायची. उन्हाळाभर अंगणात आंब्याच्या कोयी पडलेल्या, तेव्हा कोय अडकली यात कोणालाच शंका नव्हती. चैत्रात एक मोकाट कुत्रं गोठ्यात शिरून तिच्या नाकाला झोंबलं होतं, ते नरसिंगनं काठीनं हाकललं होतं. ते कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

"घाला हात, गुरुजी. भिऊ नका," किसनराव शिंगं धरून म्हणाले. "नरसिंग, जबडा धर."

ग्यानोबांनी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. आत गरम होतं, बुळबुळीत होतं. त्यांनी घसा चाचपला, जिभेखाली बोटं फिरवली. कोय नव्हती. पुन्हा घातला. नव्हती. हात बाहेर काढला तेव्हा तळहाताची चीर उघडी पडून लाळेत लाल रेघ उमटली होती.

"न्हाई हो काही," ते अपराध्यासारखे म्हणाले, जणू कोय आपणच गिळली.

हौदावर त्यांनी हातावर पाणी ओतलं. साबण मागावा असं एकदा मनात आलं. घरात बारशाची पाहुणेमंडळी, बायकांची धावपळ, कोणाला सांगणार? त्यांनी कडब्याला हात पुसला. तोवर किसनरावांची आई, नानीबाई, ओसरीवरून ओरडली, "गुरुजीला चा ठिवा गं! बिनदुधाचा! त्यांना दूध चालत न्हाई."

चालत नाही असं नव्हतं. ग्यानोबांच्या लहानपणी त्यांच्या वस्तीला या गावातलं कुठलंच घर दूध घालत नसे. आई गुळाचा काळा चहा करायची. पुढे दिवस बदलले, दूध पिशवीतून मिळू लागलं, पण जीभ बदलली नाही. बारशाच्या जेवणातही सगळ्यांनी त्याच म्हशीच्या ताकाची कढी वाटीवर वाटी ओरपली, आणि ग्यानोबा वरणभात खाऊन उठले होते.

चहा पिताना किसनरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "गुरुजी, तुमच्यावाणी माणूस न्हाई गावात. कदी काही लागलं तर या घराला हाक मारा. मंग बगा."

त्या संध्याकाळी ग्यानोबांनी पत्र एका बैठकीत लिहून काढलं. "तू नाव विचारलं होतंस. किसनराव. त्यांनी स्वतः सांगितलं आहे." पाकिटावर पत्ता घातला. जीभ लावणार, तोच वाटलं, आपण जास्त तर लिहिलं नाही ना? माणूस चहा पिताना बोलतो त्यातलं किती धरायचं? सकाळी एकदा वाचून मग टाकू.

सकाळी म्हैस मेली. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी लांबूनच सगळं विचारलं, कुत्र्याची गोष्ट नरसिंगकडून काढून घेतली आणि म्हणाले, पिसाळली होती.

मग गावात जो गोंधळ माजला तो कढीवरून. कोणी किती वाट्या प्यालं याची चर्चा घराघरांत सुरू झाली. कोणाचं पोट दुखू लागलं, कोणाला पाण्याकडे बघून कसंसंच होऊ लागलं, एका म्हाताऱ्यानं तर आपण भुंकणार अशी भीती जाहीर बोलून दाखवली. फोन गेले, ओळखी निघाल्या, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत लसीची पेटी घेऊन एक नर्स आली. मंतशा तिचं नाव. वयानं लहान, आवाज मात्र खणखणीत. तिनं टेबलावर उभं राहून सांगितलं:

"ऐका आधी! कढीनं हा आजार होत नाही. ताक घुसळलं, कढी उकळली, त्यात काही उरत नाही. आजार लाळेत असतो. ज्याला जनावर चावलं, ज्याच्या जखमेला, ओरखड्याला त्याची लाळ लागली, तो माणूस आधी पुढे या. त्याला लस पण लागेल आणि जखमेत द्यायचं औषध पण लागेल. लस थोडीच आणलीय."

"म्हंजी आमी मरावं का?" नानीबाई पहिल्या बाकावरून कडाडली. "तीन वाट्या प्याले मी!"

"आजी, तुम्हाला काही होणार नाही."

"तू लिहून दे तसं! दे लिहून!"

मागून खुर्ची आपटली. कोणी म्हणालं, बाई आमच्या जिवाशी खेळून राहिली. रेटारेटी सुरू झाली. मंतशानं पुन्हा आवाज चढवला, "म्हशीच्या तोंडाला कोणाचा हात लागला होता? आहे का कोणी?"

ग्यानोबा भिंतीला टेकून उभे होते. याच भिंतीशी उभं राहून त्यांनी जन्मभर घंटा वाजवली होती. त्यांनी हात वर केला. उजवाच केला, चिरेचा. पूर्ण वर नाही, कानापर्यंत.

नरसिंगनं तो पाहिला. "सिस्टर, गुरुजीनं..." तो बोलू लागला, आणि किसनरावांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग ते मोठ्यानं हसले.

"गुरुजी, तुमी काहून हात वर करून राहिले? तुमी तर दुधाला शिवत बी न्हाई! बिनदुधाचा चा पेणाऱ्याला कढी बाधली म्हनायचं का?"

सगळी शाळा हसली. भीतीनं आंबलेल्या लोकांना हसायला काहीतरी हवंच होतं. "गुरुजी, फुकट हाय म्हून घेता का?" कोणी म्हणालं. "पुस्तकातली म्हैस चावली असंल!" दुसरा म्हणाला. पुन्हा हशा. मंतशानं विचारलं, "काका, तुम्हाला काही झालंय का?" पण तिच्यासमोर तोवर चार दंड उघडे होऊन उभे होते, आणि ग्यानोबांचा हात खाली आला होता. त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात घातला.

किसनरावांना काय वाटलं ते किसनरावच जाणोत. आपल्या म्हशीच्या तोंडात आपण कोणाचा हात घातला, हे सिस्टरच्या कागदावर नको, एवढंच असावं. शिवाय पेटीतल्या बाटल्या संपत आल्या होत्या आणि घरची माणसं अजून रांगेत होती. नानीबाईनं लस घेतली. मागाहून आलेल्या पाहुण्यांनी घेतली, ज्यांनी कढी बघितलीही नव्हती. पेटी रिकामी झाली.

जाताना मंतशा वाचनालयात आली. एक छापील कागद तिनं पुढे केला. "काका, हा दारावर लावाल? लोक माझं ऐकत नाहीत, छापलेलं तरी वाचतील."

ग्यानोबांनी खळ शिजवली आणि कागद दारावर चिकटवला. कडा तळहातानं दाबल्या. चीर सुकत आली होती. कागदावर लिहिलं होतं: जखम ताबडतोब वाहत्या पाण्यात साबणाने पंधरा मिनिटे धुवा. चुना, मिरची, तंबाखू लावू नका. लसीचे सर्व डोस पूर्ण करा. लक्षणे सुरू झाल्यावर उपचार नाही. उशीर झाला असला तरी लस घ्या.

"छान लावलात," ती म्हणाली. मग थांबून, "मघाशी हात वर केला होता ना तुम्ही? काही लागलं नाही ना?"

ओठांवर आलं होतं. पण ती दमलेली दिसत होती, पेटी रिकामी होती, आणि आता सांगायचं म्हणजे मघाशी का नाही सांगितलं ते सांगावं लागणार. "न्हाई न्हाई," ग्यानोबा म्हणाले. "तसंच आपलं."

बाजाराच्या दिवशी ते कुरुंद्याला गेले. ठरवून गेले. दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोचले, तर आत गाव बसलेलं. दुसऱ्या डोसासाठी किसनरावांनी जीप भरून माणसं आणली होती.

"अरे, गुरुजी! तुमी हितं कोणाला भेटाया?"

"न्हाई... मीठ घ्यायला आलो होतो."

"मीठ? दवाखान्यात?"

ते हसू पाठीवर घेऊन ग्यानोबा मागे फिरले, आणि खरोखर मीठ घेऊन घरी आले.

पुढच्या दिवसांत त्यांनी जुना आरोग्यकोश काढून वाचला. त्यात "पिसाळलेल्या जनावराचा चावा" असं होतं. आपल्याला चावा कुठं? चावा नाही. मग लाळ? लाळ आहे. पण पुस्तक जुनं, त्याचं खरं धरावं की दारावरच्या कागदाचं? आणि आपण कोण ठरवणारे? जितके दिवस जात तितकं जाऊन सांगणं अवघड होत गेलं. इतक्या दिवसांनी का आलात, असं कोणी विचारलं तर काय सांगायचं, हे उत्तर तयार होईना, म्हणून ते गेले नाहीत. दारातून जाता-येता कागदाची शेवटची ओळ डोळ्यांसमोर यायची. पावसानं अक्षरं फिकी झाली, तरी ती वाचता येत होती.

पोळ्याच्या आधी तळहाताला खाज सुटली. चीर कधीच बुजली होती, पण तिच्या जागी मुंग्या चालाव्या तसं व्हायचं. खाज मनगटात आली, कोपरात आली. अंगात कणकण भरली. जीव उगाच घाबरा व्हायचा. पान पडलं तरी दचकायला व्हायचं. पंखा लावला आणि वारा तोंडावर आला, तर घसा आतून कोणी मुठीत धरल्यासारखा आवळला. ग्यानोबांनी पंखा बंद केला.

काळा चहा केला. कप तोंडाशी नेला. घसा आवळला, कप हातून उडाला, आणि तोंडातून जो आवाज निघाला तो त्यांनी याआधी ऐकला होता. किसनरावांच्या अंगणात.

तहान तर लागलीच होती. कळशी घेऊन ते हापशावर गेले. धार सुरू झाली, नुसती दिसली, आणि ते मागे फेकल्यासारखे सरून चिखलात पडले. नरसिंग तिथं बैल धूत होता. त्यानं म्हैस पाहिली होती. त्याला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. बैल तिथंच सोडून तो पळाला.

थोड्या वेळानं वाचनालयासमोर गाव जमलं. रस्त्याच्या पलीकडे, जवळ कोणी नाही.

"गुरुजी," किसनराव तिकडूनच ओरडले, "तुमी तर दूध पेत न्हाई!"

त्यांच्या आवाजात या वेळी चेष्टा नव्हती. सिस्टरचं लाळेचं बोलणं त्यांनी खरं धरलंच नव्हतं, म्हणून त्यांना खरंच कळत नव्हतं, की तीन वाट्या पिणारी आई ठणठणीत उभी आणि हा माणूस असा कसा.

"हात..." ग्यानोबांनी दाराला धरून सांगायचा प्रयत्न केला. घोगरा आवाज. "तुमच्या म्हशीच्या तोंडात... मी हात..."

"कोणाच्या म्हशीच्या?" किसनराव एकदम बोलले. "उगं कोणाचं नाव घेऊ नका गुरुजी. कुटं चावून घेतलं, काय केलं, तुमचं तुमाला म्हाईत."

नरसिंग मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"पुस्तकं जाळा रे ती," नानीबाई म्हणाली. "थुका लावून पानं उलटतो तो. लेकरं हात लावतेत."

"जाळू जाळू," किसनराव म्हणाले. "आधी दवाखान्याची गाडी येऊ द्या. फोन लावलाय. गुरुजी, दार आतून लावून घ्या! लावा म्हनलो ना!"

ग्यानोबांनी दार लावलं. पुस्तकांना काही होत नाही, वाळलेल्या थुंकीत काही राहत नाही, हे त्यांना माहीत होतं. सांगायला आता घसाही नव्हता, आणि होता तेव्हा तरी काय सांगितलं होतं?

पेटीतून त्यांनी ते जुनं पाकीट काढलं. पत्ता घातलेला होता. आतलं पत्र काढलं, "किसनराव" वाचलं आणि कागद बारीक फाडला. मग नवा घेतला. आवाज आणि घसा यांच्यापेक्षा हात अजून बरा होता. या वेळी पेन अडलं नाही. चांगलं की वाईट, जास्त की कमी, विचारायला वेळच नव्हता.

"चि. करुणा. उत्तराला उशीर झाला. तू एक नाव मागितलं होतंस. नाव नाही. तुझं बरोबर होतं. मी आजारी आहे, हे पोचेल तेव्हा नसेन. गाडी आली तर मला नेतील. तू आलीस तर तोंडाजवळ येऊ नकोस, माझी लाळ डोळ्याला, जखमेला लागू देऊ नकोस. लागली तर साबणानं धू, आणि सरळ जाऊन लस घे. कोणी हसलं तरी घे. पुस्तकं वाचवता आली तर बघ. बाबा."

पाकिटाची कड उघडी होती. सवयीनं त्यांनी ते तोंडाशी नेलं आणि जीभ बाहेर यायच्या आत हात झटक्यानं लांब केला. नागपुरात ती हे पाकीट उघडणार, घाईत कदाचित दातांनी. आणि पाण्याचं बोट लावावं, तर पाण्याच्या तांब्याकडे नुसतं बघून मान मागे ओढली गेली. खळ वाटीत दगड झाली होती. तिलाही पाणीच लागलं असतं.

त्यांनी सुई घेतली. मेणाचा दोरा ओवला. नेहमी टोक ओठांत धरून टोकदार करायचे, आज बोटांनीच पीळ देऊन ओवला, फार वेळ लागला. मग पाकिटाची कड त्यांनी पुस्तक शिवतात तशी शिवली, बारीक, सारख्या टाक्यांनी. गाठ मारली. दोरा दातांनी न तोडता सुरीनं कापला. हात पंच्याला पुसले, टोपी घातली.

दार उघडलं तसा रस्ता मागे सरकला. बायका लेकरं ओढून घरात पळाल्या. कोणी दगड उचलला. "गुरुजी, मागं फिरा! आत जा!" किसनरावांचा आवाज चिरकला.

टपालाची लाल पेटी ग्रामपंचायतीच्या भिंतीला होती. ग्यानोबांनी वारा लागू नये म्हणून पंचा तोंडावरून घट्ट घेतला आणि भिंतीच्या कडेनं चालू लागले. वारा तरी आलाच. दोनदा घसा आवळला, दोनदा ते भिंतीला धरून वाकले, आणि दोन्ही वेळा मागून कोणीतरी तो आवाज काढून दाखवला. दगड आला तो पायाजवळ पडला.

पेटीशी पोचल्यावर त्यांनी पाकीट पुन्हा वाचून बघितलं नाही. उजवा हात पुरा वर केला, पेटीच्या तोंडात घातला आणि पाकीट सोडलं. आत दुसरं एकही पत्र नसावं. ते थेट तळाच्या पत्र्यावर जाऊन आपटल्याचा आवाज आला.